वेषभूषेची विद्या आणि आपलीं घरें

बारावीचा निकाल लागला, म्हणजे घरोघर एक लहानशी सभा भरते. आजोबा झोपाळ्यावर, थोरले काका आरामखुर्चींत, बायकामाणसें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं, आणि ज्याच्या भवितव्याचा खल चाललेला असतो तें मूल भिंतीला टेकून उभें. वैद्यकी, एंजिनियरिंग, हिशेबनिशी, सरकारी परीक्षा, या ठराविक नांवांचा उच्चार होतो आणि सभा बहुधा समाधानानें उठते. परंतु एखाद्या घरीं मुलगी अगदीं अनपेक्षित उत्तर देते: ‘‘मला नाटकाची आणि चित्रपटाची वेषभूषा शिकायची आहे, तिची पदवी घ्यायची आहे.’’ मग सभेचा रंग पालटतो. काका म्हणतात, ‘‘शिवणकामाला पदवी कशाला?’’ आजोबा म्हणतात, ‘‘म्हणजे नाटकवाल्यांत जायचें?’’ आणि आई कांहींच न बोलतां डोळ्यांनीं विचारते, ‘‘पोटापुरतें मिळेल ना?’’

हे तिन्ही प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. ते प्रेमानें विचारलेले असतात, आणि त्यांचें उत्तर मुलीला देतां आलें पाहिजे. तिला तें नेहमींच देतां येतें असें नाहीं; म्हणून या महिन्यांत तिच्या वतीनें आपणच त्यांचा विचार करूं.

पहिला प्रश्न काकांचा. शिवणकाम आणि वेषभूषा यांत अंतर कोणतें? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. यांतला आहार्य म्हणजे बाहेरून आणून अंगावर चढविलेला अभिनय. वेष हें अभिनयाचें केवळ आवरण नव्हे, तो स्वतःच अभिनय आहे, असें त्या ग्रंथकारानें निःशंकपणें मानलें. आहार्याचे त्यानें पुन्हां चार भाग पाडले: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. पुस्त म्हणजे बांबू, कापड, कातडें इत्यादिकांच्या बनविलेल्या प्रतिकृति. अलंकार म्हणजे माळा, दागिने आणि वस्त्रें. अंगरचना म्हणजे अंगाचें रंगकाम. आणि संजीव म्हणजे रंगभूमीवर येणारे प्राणी. दागिने आणि शस्त्रें जड धातूंचीं न करतां हलक्या पदार्थांचीं करावीं, नाहीं तर नट दमून जाईल, इतका बारीक व्यवहारही तेथें सांगून ठेवला आहे. आज आपण ‘नेपथ्य’ हा शब्द पडद्यांना आणि देखाव्यांना लावतों. संस्कृत नाटकांत तो वेषाचा आणि वेष करण्याच्या जागेचा वाचक आहे. तेव्हां ही विद्या विलायतेहून आली, अशी कोणाची समजूत असेल तर ती खुशाल सोडून द्यावी.

ग्रंथ बाजूला ठेवून ही विद्या डोळ्यांनीं पाहावयाची असेल, तर पालघर जिल्ह्यांत जव्हारकडे जावें. जव्हारहून कांहीं कोसांवर दाभोसा नांवाचें गांव आहे. लेंडी नदी तेथें कड्यावरून खालीं झेप घेते. तो धबधबा पाहण्यासाठीं पावसाळ्यांत शहरची मंडळी मोटारींतून येतात आणि छायाचित्रें काढून संध्याकाळीं परततात. या मुलुखाचें दुसरें वैभव त्यांना सहसा दिसत नाहीं, कारण तें उन्हाळ्यांत आणि रात्रीं प्रकट होतें. तें वैभव म्हणजे बोहाडा. जव्हार-मोखाड्याच्या परिसरांतील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी इत्यादि समाज हा उत्सव करतात. देवांचीं, राक्षसांचीं, रामायण-महाभारतांतल्या पात्रांचीं सोंगें एकामागून एक निघतात. संबळ वाजत असतो. आणि मुखवटा चढविलेला गडी त्या ठेक्यावर नाचत पुढें येतो. मुखवटे पूर्वीं लांकडाचे कोरीत. पुढें ते कागदाच्या लगद्याचेही होऊं लागले.

आतां काकांनीं क्षणभर विचार करावा. मुखवट्यानें नटाचा चेहरा झांकला. डोळे, भुंवया, ओठ हें शहरी नटाचें सारें भांडवल गेलें. मग क्रोध दाखवायचा तो मानेनें, खांद्यानें आणि पावलानें. सबब मुखवटा करणाऱ्याला नाचही कळावा लागतो. मुखवटा डोक्याला कोठें टेकतो, श्वास कोठून जातो, पाहण्यासाठीं भोंक कोठें ठेवावें, घाम आल्यावर बंध सैल होतो कीं आवळतो, यांतली एक गोष्ट चुकली तर लंकाधिपति मध्येंच अडखळून पडेल. रात्रीच्या हलत्या उजेडांत, दूर बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला गणपति कोणता आणि नरसिंह कोणता हें पाहतांक्षणींच कळलें पाहिजे. म्हणून रंग ठळक, रेषा जाड आणि आकार एकमेकांत न मिसळणारे. वजन, तोल, श्वास, उजेड आणि अंतर, हे वेषशास्त्राचे पांच मूळ धडे आहेत. पदवीच्या वर्गांत तेच शिकवावे लागतात. येथें ते थोरांकडून धाकट्यांकडे हातोहात जातात, आणि त्यांचें प्रमाणपत्र कोणी कोणास देत नाहीं, इतकाच काय तो फरक.

मराठी रंगभूमीनेंही ही विद्या अनुभवानेंच मिळविली. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं रंगभूमीवर आलें. आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर तर कपडेपट हा नाटकाचा एक स्वतंत्र मानाचा विभाग होऊन बसला. बालगंधर्वांचे शालू आणि पैठण्या पाहण्यासाठीं लोक नाटकास जात, आणि त्यांची नेसण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रिया उचलीत. पुरुषानें नेसलेल्या लुगड्यावरून स्त्रियांनीं नेसणें शिकावें, याहून आहार्य अभिनयाला मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें? अशा खर्चिक हौसेचा मंडळीच्या कर्जाला हातभार लागला, हेंही विसरतां कामा नये. वेषभूषेच्या विद्येंत हिशेबाचा विषय असावा लागतो तो याचसाठीं. त्याच १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांतली तारामती अण्णा साळुंके या पुरुषानेंच केली. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, २०११ सालीं, ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निघाला. तेव्हां पुरुषानें वठविलेल्या त्या स्त्रीवेषांची पुन्हां उभारणी करण्याबद्दल नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आजोबांच्या पिढीनें जें नुसतें डोळे भरून पाहिलें, तें नातवंडांच्या पिढीला अभ्यास करून उभें करावें लागलें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

दुसरा प्रश्न आजोबांचा: नाटकवाल्यांत, सिनेमावाल्यांत जायचें? त्याला वादानें उत्तर देण्यापेक्षां एका चरित्रानें देणें बरें. कोल्हापुरास राजोपाध्ये यांच्या घरीं २८ एप्रिल १९२९ रोजीं भानुमती नांवाची मुलगी जन्मली. वडील अण्णासाहेब हे चित्रकार. मुलगी लहान असतांनाच ते निवर्तले. पुढें ती मुंबईस सर जे. जे. कलाशाळेंत शिकली आणि तेथें सुवर्णपदक मिळवून बाहेर पडली. प्रागतिक चित्रकारांच्या प्रसिद्ध मंडळानें भरविलेल्या प्रदर्शनांत तिचीं चित्रें लागलीं. नांवारूपास येऊं लागलेली ही चित्रकर्ती स्त्रियांच्या नियतकालिकांसाठीं पोशाखांचीं चित्रें काढूं लागली, आणि तेथून १९५६ च्या ‘सी. आय. डी.’ या चित्रपटाच्या वेषभूषेकडे वळली. याच भानु अथैया. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठीं त्यांनीं अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रें अभ्यासिलीं. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. एप्रिल १९८३ मध्यें तें त्यांच्या हातीं आलें, आणि हें पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ति म्हणून त्यांचें नांव इतिहासांत लागलें. पुढें ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठीं राष्ट्रीय पारितोषिकेंही मिळालीं. २०१२ सालीं त्यांनीं ती सुवर्णमूर्ति सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेंतील मूळ संस्थेकडेच परत सोपविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांचें मुंबईस निधन झालें.

या चरित्रांत झगमगाट शोधूं नये. ‘गांधी’ चित्रपटाची वेषभूषा म्हणजे काय होतें? बॅरिस्टराचा इंग्रजी पोशाख, मग काठेवाडी अंगरखा आणि पागोटें, आणि अखेरीस गुडघ्यापर्यंतचा पंचा. मनुष्याचीं वस्त्रें कमी होत जातात आणि त्याबरोबर त्याचा प्रभाव वाढत जातो, ही गोष्ट कापडानें सांगावयाची होती. भोंवतालीं पुढारी, शेतकरी, साहेब, मजूर, पोलीस, प्रत्येकाचा प्रांत आणि काळ निराळा. अशा कामांत साधेपणा हाच सर्वांत अवघड. शंभर जरतारी शालू आणणें सोपें, परंतु दहा वर्षें वापरलेला खादीचा सदरा नव्या कापडांतून तयार करणें कठीण. कोल्हापूरच्या मुलीनें जगाच्या पंगतींत मान मिळविला तो चित्रकलेच्या शिस्तीवर आणि अभ्यासावर. आजोबांच्या प्रश्नाला याहून निराळें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. धंदा कोणताही असो, अब्रू माणसाबरोबर जाते. ती धंद्याच्या दारांत काढून ठेवावी लागत नाहीं. मात्र कामाच्या वेळा अवेळीं असतात, चित्रणें परगांवीं चालतात, रात्री जागाव्या लागतात. म्हणून कामाचा करार लेखी असावा, राहण्याची व्यवस्था आधीं विचारून घ्यावी, आणि एखादें माणूस वावगें वागलें तर तें घरीं सांगण्याइतका मोकळेपणा मुलीला घरींच मिळालेला असावा. हा मोकळेपणा कोणतेंही विद्यापीठ देऊं शकत नाहीं.

मग पदवीच्या वर्गांत शिकवितात तरी काय? प्रथम एक भेद समजून घ्यावा. वेष कल्पिणारा निराळा आणि वेष करणारा निराळा. विलायतेंत या विषयाची स्वतंत्र पदवी देणारीं महाविद्यालयें आहेत. लंडनचें विंबल्डन कला महाविद्यालय त्यांतलें एक. अशा शिक्षणांत चित्र काढणें, कापड बेतणें, रंगविणें आणि शिवणें यांच्या जोडीला नाटकाची संहिता वाचणें हा मुख्य पाठ असतो. कोणतें पात्र किती प्रवेशांत आहे, मध्यें किती काळ गेला, तें श्रीमंत होतें कीं गरीब होत जातें, याचा तक्ता आधीं मांडतात. कापड मागाहून येतें.

रंगभूमि आणि पडदा यांच्या मागण्याही निराळ्या. नाटकांत प्रेक्षक पन्नास हातांवर बसतो. त्याला शिवण दिसत नाहीं, आकार दिसतो. नटीला दोन प्रवेशांच्या मध्यें एका मिनिटांत लुगडें बदलावें लागतें. मग नऊवारी आधींच निऱ्या घालून शिवून ठेवावें लागतें, आणि तें शिवलेलें आहे हें कोणाला कळतां कामा नये. तोच पोशाख शंभर प्रयोग टिकला पाहिजे आणि रोज घामानें भिजून पुन्हां वाळला पाहिजे. चित्रपटांत उलट, तेथें कॅमेरा काठाच्या विणीपर्यंत जातो. बारीक चौकड्यांचें कापड पडद्यावर लवलवूं लागतें. प्रवेश क्रमानें चित्रित होत नाहींत. आज नायक चिखलांत पडतो आणि पडण्यापूर्वींचा प्रवेश पुढच्या आठवड्यांत घेतात. म्हणून एकाच सदऱ्याच्या चार प्रती लागतात: कोरा, मळलेला, फाटलेला आणि रक्ताळलेला. कोणती गुंडी उघडी होती, याचीही टांचणवही ठेवावी लागते. नवें कापड जुनें करण्याची तर एक वेगळीच कला आहे. काचकागदानें कोपरे घांसणें, चहाच्या पाण्यांत बुडविणें, दगडावर आपटून धुणें. आपल्या आज्या जें होऊं नये म्हणून जपत, तेंच येथें मुद्दाम करावयाचें!

आणि काळाचा अभ्यास! पेशवाई १८१८ सालीं संपली, आणि पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किन यानें १८५६ सालीं काढला. तेव्हां पेशवाईतल्या स्त्रीला भडक रासायनिक जांभळा नेसविला, तर तो प्रवेश जाणत्याच्या डोळ्यांत खुपतो. त्या काळचे रंग निळीचे, मंजिष्ठाचे, लाखेचे आणि हळदीचे. पागोट्याचा एक पीळ चुकला तर माणसाचा प्रांत बदलतो. पुढें गांठ मारलेली खणाची चोळी कधींची आणि गुंड्यांचें पोलकें कधींचें. इरकली कोण नेसे, पैठणी केव्हां निघे, आलवण कोणाच्या कपाळीं येई. हें सारें ज्याला सांगतां येतें, त्यालाच तो काळ उभा करतां येतो. हें नुसतें शिवणकाम आहे, असें काका अजून म्हणतील काय? आणि म्हटलें, तरी शिवणकाम हलकें कसें? बेतणाऱ्याच्या कात्रींत भूमिति आहे, हें प्रत्येक गृहिणी जाणते.

तिसरा प्रश्न आईचा. तो सर्वांत खरा. या धंद्यांत दरमहाचा पगार क्वचित्. बहुतेक काम एकेका चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या कराराचें असतें. पहिलीं कांहीं वर्षें दुसऱ्याच्या हाताखालीं, बाजारांत कापड शोधीत आणि कपडेपट मोजीत काढावीं लागतात. काम मिळतें तें ओळखीनें, आणि ओळख मिळते ती केलेल्या कामानें. घरानें हीं वर्षें सोसण्याची तयारी ठेवावी. ती नसेल, तर पदवीचा खर्च आणि कर्ज यांचा विचार पुन्हां करावा. परंतु या विद्येच्या शाखाही पुष्कळ आहेत. जाहिराती, नृत्याचे पोशाख, स्नेहसंमेलनांना कपडे पुरविणारी ड्रेपरी, संग्रहालयांतील जुन्या वस्त्रांची जपणूक, यांत कोठें ना कोठें जाणता हात लागतोच. केवळ चित्रपटाच्या नामावळींत नांव झळकावें म्हणून ही वाट धरूं नये. कापडाचा आणि माणसांचा लळा असेल तरच धरावी. मुलग्यांनाही ती तितकीच मोकळी आहे, हेंही येथेंच सांगून टाकूं.

आपल्याकडे या एकाच विषयाची वेगळी पदवी विरळाच. म्हणून दोन विद्या जोडाव्या लागतात. वस्त्रविद्येसाठीं राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९८६ सालीं दिल्लीस निघाली, २००६ च्या कायद्यानें तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला, आणि तिची मुंबई शाखाही आहे. तेथील अभ्यासक्रम चार वर्षांचा. महर्षि कर्व्यांनीं १९१६ सालीं स्थापन केलेल्या महिला विद्यापीठांतही वस्त्र आणि पोशाख हे विषय शिकवितात. नाट्यविद्येसाठीं दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे; त्याच्या तीन वर्षांच्या पदविकेला पदवीनंतर जातां येतें. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा घरच्याजवळ आहेत. पुण्याच्या चित्रपट संस्थेंत, म्हणजे जुन्या प्रभात चित्रालयाच्या जागेवर, कलादिग्दर्शन शिकतां येतें. शाळेंत असतांनाच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा देऊन ठेवाव्या, आणि महाविद्यालयांत गेल्यावर एकांकिकांचा कपडेपट आपण होऊन मागून घ्यावा. तेथें जो घाम गाळला जातो, तो पुढें कोणत्याही प्रवेशपरीक्षेला उपयोगी पडतो.

आतां एक गोष्ट घरांतल्या वडीलधाऱ्यांना. ज्या विद्येसाठीं मुलगी दूर जाऊं पाहते, तिचें अर्धें भांडार आपल्याच घरांत आहे, आणि आपण तें हातानें घालवीत आहों. आजीची जुनी पैठणी जर वितळवून चांदी मिळते म्हणून गेली. उरलेलीं लुगडीं बोहारणीला दिलीं आणि स्टीलचें पातेलें घेतलें. वस्त्र गेलें तर गेलें, परंतु तें कोणत्या सणाला नेसत, पदर कोणत्या बाजूनें येई, सोंवळ्याचें निराळें कसें ठेवीत, हें सांगणारी आजीही एक दिवस जाईल. नाट्यगृहांतल्या चुका मग कोण दाखविणार?

आणि एक गोष्ट शिकणाऱ्या मुलांना. जव्हार-मोखाड्यास जाऊन बोहाडा अवश्य पाहावा, पण धबधब्याच्या प्रवाशासारखा नव्हे. तो मुखवटा पाहणाऱ्याला शोभेची वस्तु वाटेल. धारण करणाऱ्याला तो देव आहे. विचारल्यावांचून त्याचें चित्र काढूं नये, हात लावूं नये, आणि त्यावरून आपल्या नाटकासाठीं कांहीं उचललेंच, तर ज्याच्यापासून शिकलों त्याचें नांव सांगून त्याच्या कसबाचा मोबदला द्यावा. त्या पाड्यावरचा एखादा मुलगा हातानें अप्रतिम मुखवटे करीत असेल. परंतु प्रवेशपरीक्षेची फी आणि इंग्रजी प्रश्नपत्रिका यांच्या अलीकडेच तो अडतो. आपल्या मुलीला दार उघडतांना तें दार त्याच्यासाठींही उघडावें असें जिला वाटेल, तीच या विद्येची खरी विद्यार्थिनी.

सभा अजून उठली नसेल, तर आमची एक सूचना आहे. मुलीच्या हातीं घरांतलें एक जुनें नऊवारी द्यावें आणि सहा महिन्यांची मुदत द्यावी. तिनें त्याचें माप घ्यावें, काठाचें आणि पदराचें चित्र काढावें, सूत आणि रंग ओळखावे, तें कोणाचें, कोणत्या सालचें, कोणत्या प्रसंगाचें, हें आजीला, काकूला, आत्याला विचारून लिहून ठेवावें. आणि अखेरीस तें नेसून, त्यांत केर काढून, जिना चढून, खालीं बसून पाहावें. सहा महिन्यांत कंटाळली, तर पैसे आणि वर्षें दोन्ही वांचलीं. न कंटाळतां दुसरें वस्त्र मागूं लागली, तर काकांनीं स्वतः तिचा अर्ज भरून द्यावा.